मायला मी झिऱ्यावर नेऊन आणलं

प्रिय महेशच्या बाबांना,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आपण एकमेकांना सोडून राहिलो कुठे? मी माहेरी गेले की दोन दिवस होत नाहीत तो तुम्ही फॅक्टरीतून परस्पर मोटरसायकल घेऊन दारात हजर! त्यामुळे पत्राची सुरुवात कशी करतात तेसुद्धा मला धड ठाऊक नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण काल एक गोष्ट घडली आणि ती सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही.

काल मी तुमच्या मायला नागझिऱ्याच्या जंगलात नेऊन आणलं. झिऱ्यावर नेलं. तुमच्याच गाडीतून. आणि गाडी कोणी चालवली, सांगा बरं?

मी!

विश्वास बसत नाही ना? महेशचाही बसत नव्हता. तो, सूनबाई स्नेहल आणि आपली नात रेवा आज सकाळीच नागपूरला परत गेले. माय खिडकीतल्या उन्हात खाट ओढून पडली आहे. माझे दोन्ही हात खांद्यापासून ठणकताहेत, स्टेअरिंग आवळून धरल्यामुळे. पण खरं सांगू? हे दुखणं जाऊच नये असं वाटतंय.

झिऱ्याची गोष्ट तुम्ही माझ्याहून जास्त वेळा ऐकली असेल. मायचं माहेर जंगलाच्या काठावरचं. ती रेवाएवढी असताना तिचा बाप बैलगाडी घेऊन जंगलातून बांबू आणायला जायचा. एकदा पौषाच्या थंडीत लेकीलाही सोबत घेतलं. सकाळी झिऱ्यापाशी बैल सोडले, मायनं पाण्यात पाय घातला आणि दचकून बाहेर काढला. बाहेर बोटं आखडतील अशी थंडी, आणि पाणी ऊन! "धरतीनं चुलीवर ठेवल्यावानी," असं माय सांगायची. मी नवी नवरी होते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही शेजारी जेवत होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणालात, "माय, या हिवाळ्यात तुले झिऱ्यावर नेतो."

किती हिवाळे गेले हो त्यानंतर!

कधी तुमची शिफ्ट बदलली. कधी महेशची बारावी आली. एकदा तर वड्यांचे डबे भरून तयार होते आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये मयत झाली. मग रिटायरमेंट, मग भंडाऱ्यात घराचं बांधकाम, मग गाडी. गाडी दारात आली तेव्हा तुम्ही बॉनेटवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलंत, पहिली फेरी नागझिऱ्याची! आणि पहिली फेरी कुठे झाली? सीट कव्हर बसवायला!

चिडू नका. रागानं नाही सांगत. कुठून कुठून लोक येतात ते जंगल पाहायला, रात्रभर प्रवास करून. आपल्याला साकोली ओलांडली की आलंच. जवळ आहे म्हणूनच राहून गेलं. मग त्या दिवाळीच्या तोंडावर तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, छातीवर हात ठेवलात, आणि पुढचा हिवाळा आम्हाला तुमच्याशिवाय आला.

एक तक्रार मात्र आज करणारच.

गाडी आली त्या वर्षी जवाहरनगरला, फॅक्टरीच्या जुन्या मैदानावर नेऊन तुम्ही मला एकदा स्टेअरिंगवर बसवलं होतं, आठवतं? मी क्लच सोडला आणि गाडीनं बेडकासारखी उडी मारली. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो किस्सा! "आमची बाई गाडी चालवत नाही, उडवते." लोक हसायचे, मीही हसायची. तुम्ही हसलात त्याचं वाईट वाटलं नाही हो. पण तुम्ही परत कधी म्हणाला नाहीत, "अवं, पुन्हा एकदा बस."

एवढं म्हणाला असता तर?

तुम्ही गेल्यावर गाडी पांघरुणाखाली उभी राहिली. मांजरं तिच्यावर झोपायची. महेश दर महिन्याला येऊन इंजिन चालू करायचा, अंगणातच चार पावलं पुढे-मागे करायचा आणि म्हणायचा, "आई, सडून राहिली ही गाडी. विकून टाकू." शेवटी एक दिवस गिऱ्हाईक घेऊनच आला. माणूस चांगला होता. त्यानं दार उघडलं, आत बसला आणि पाय मावेनात म्हणून सीट मागे सरकवली. तुमची सीट! तो खटका ऐकला आणि मी पुढे होऊन दार धरलं.

मी म्हटलं, "गाडी द्यायची नाही."

"मंग ठेवून काय करशीन?" महेश वैतागला. "पूजा करशीन का तिची?"

 तो गेल्यावर मी गाडीत बसून सीट पुन्हा पुढे घेतली. आणि सहज खाली पाहिलं तर काय, माझा पाय क्लचपर्यंत बरोबर पोचत होता. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घातलं.

सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात ही पांढऱ्या केसांची बाई. शिकवणारे भुरे मास्तर मला पाहून आधी म्हणाले, "काकू, मुलाले पाठवाचं आहे का?" मी म्हटलं, "मुलाले येते. मलेच शिकाचं आहे." बिचाऱ्यांनी पुढे एक शब्द नाही काढला. क्लचचं गणित तेवढं मला काही केल्या जमेना. तेव्हा एकदा वैतागून म्हणाले, "काकू, क्लच म्हणजे घरी आलेला जावई समजा. एकदम सोडाचा नाही. हळूच, मान ठेवून." दुसऱ्या खेपेला गाडी लोण्यासारखी निघाली! लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. रिव्हर्स घेताना दगडावर चढवली. घरी येऊन मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "रडतेस काहून? दगड फुटला का?" नाही म्हटलं. "मंग पुन्हा जाय."

तुमची माय म्हणाली हो ते, जे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.

पुढच्या परीक्षेत पास झाले आणि गाडी काढायला लागले. आधी गल्लीत, मग बाजारात, मग वैनगंगेच्या पुलावरून पलीकडे. पुलावर मागून एसटी हॉर्न मारत होती आणि मी आपली दुसऱ्या गिअरमध्ये. मारू दे म्हटलं हॉर्न! महेशला ठाऊक होतं, पण त्याला वाटायचं आई भाजीपुरती चालवते.

या पावसाळ्याच्या शेवटी माय तापानं फणफणली. दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन वयाची आठवण करून दिली. पण ती बरी झाली. घरी आली ती मात्र वेगळीच. जेवायची, झोपायची, बोलायची नाही. दिवाळीत महेशकडचे सगळे आले होते. जेवणं झाल्यावर ती भिंतीकडे पाहत कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "लेक तं गेला. आता मले झिऱ्यावर कोण नेते?"

 महेश रिकाम्या ताटात बोट फिरवू लागला.

मी म्हटलं, "मी नेते, माय."

त्यावर घरात जी चर्चा झाली ती तुम्ही ऐकली असती तर उठून अंगणात गेला असता. महेशचं म्हणणं, आजीला थंडी सोसणार नाही. हायवेला ट्रक असतात. धुकं असतं. "आई, बाजारात चालवणं वेगळं आन् हायवे वेगळा. पुढच्या हिवाळ्यात मी सुट्टी काढतो ना, सगळ्यांले मीच नेतो."

"पुढचा हिवाळा तुझ्या बापानंही कबूल केला होता," मी म्हटलं.

बोलून गेले आणि मलाच कसंसं झालं. पण महेशनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी सोबत येईन. पण गाडी मी चालवतो."

"सोबत ये. गाडी मी चालवते. मी मायले शब्द देला आहे."

स्नेहल स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मी आईंच्या गाडीत बसते. तुम्हाला भीती वाटत असेल तर एसटीनं या." माझी सून! मला तिथेच तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

तर संक्रांत झाल्यावरचा रविवार ठरला. महेशनंच सफारीची जिप्सी नोंदवली. अंधारातच उठलो. मायला दोन स्वेटर, त्यावर तुमची ती तपकिरी शाल, कानाला मफलर, पायात रेवाचे लोकरी मोजे! चेहऱ्याचं नाक तेवढं बाहेर. मागे माय, मधे रेवा, पलीकडे स्नेहल. पुढे माझ्या शेजारी महेश. मी किल्ली फिरवली आणि मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, आता हसा पाहू.

गावाबाहेर पडलो आणि धुकं लागलं. असं धुकं की दोन्हीकडची शेतं, धानाची बांधी गायब, तलाव गायब, फक्त पुढच्या ट्रकचे लाल दिवे. महेशनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण त्याचा उजवा पाय! माझ्या ब्रेकच्या आधी त्याचा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेकच नाही तिथे. एका हातानं वरचं हँडल धरलेलं. लाखनीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर तणसाची ही एवढी गंजी घेऊन रस्ताभर डुलत चालला होता. मी त्याच्या मागे गाडी लावली.

"ओव्हरटेक करू नको, आई."

"नाही करत."

"मागे ट्रक आहे."

"दिसते मले."

मागचा ट्रक दिवे मारत होता. पूर्वी कोणी असे दिवे मारले की माझे हात गार पडायचे. काल नाही पडले. मी थांबले. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबले, मग इंडिकेटर दिला, गिअर बदलला आणि गेले! तणसाच्या काड्या काचेवर उडाल्या, रेवानं टाळ्या वाजवल्या आणि मागून मफलरातून आवाज आला, "असंच आमचा बाप बैल हाकत होता." महेशच्या बाबा, तेवढ्या एका वाक्यासाठी मी लायसन्सची परीक्षा आणखी दहा वेळा दिली असती.

साकोलीला वळलो तेव्हा उजाडू लागलं होतं. हायवे सुटला, गावं सुटली आणि दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली. मी काच थोडी खाली केली. ओल्या पानांचा वास आला. गेट आता फार लांब नव्हतं. महेशचा पायही जरा सैल पडला होता. तेवढ्यात पुढच्या वळणावर, धुरकट उजेडात, रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं हललं.

मी ब्रेक लावला. हळूच, मान ठेवून.

अस्वल होतं. मादी. पाठीवर दोन पिलं, केसांना धरून बसलेली, एखाद्या बाईनं डोक्यावर गाठोडं घ्यावं तशी ऐटीत. ती रस्त्याच्या मधोमध आली आणि थांबली. आमच्याकडे तोंड करून. तिच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती.

"आई, रिव्हर्स घे," महेश कुजबुजला. आवाज पार बदललेला. "घे ना रिव्हर्स, लवकर!"

भीती मलाही वाटली. खोटं कशाला सांगू?  पण मनात आलं, ही लेकरं घेऊन निघाली आहे. मीही लेकरं घेऊन निघाले आहे. गाडी मागे घेतली, इंजिन ओरडलं, तर ती बिथरेल. मी पुढचे दिवे मंद केले आणि इंजिन बंद केलं.

"आई!"

"चूप बस, महेश."

पोराला इतक्या वर्षांत मी असं म्हटलं नव्हतं. तो चूप बसला. सगळी गाडी चूप बसली. रेवानं स्वतःचंच तोंड दाबून धरलं होतं. ती मादी एकदा मागच्या पायांवर उठली, हवेत नाक फिरवलं, आणि एक पिलू घसरून खाली पडलं. आता? पिलू रस्त्यावर बसून कुईकुई करायला लागलं. मादीनं वळून पाहिलं, ती वाकली, पिलू पुन्हा पाठीवर चढलं, दोन केस ओढत ओढत नीट बसलं. मग ती शांतपणे रस्ता ओलांडून बांबूंत शिरली. बांबू थोडे हलले. मग तेही थांबले.

 मागून माय म्हणाली, "बाळंतीण बाई आहे. वाट देल्ली तं गेली."

मी किल्ली फिरवली.  महेशनं माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाला सांगू? "आई, मी असतो तं रिव्हर्स घेतली असती." एवढंच. आणि त्यानं वरचं हँडल सोडलं.

गेटवर आमची गाडी ठेवून उघड्या जिप्सीत बसलो. गाइड मुलगी होती, जवळच्याच गावची, बोलायला चटपटीत. मायला पाहून तिनं आपली घोंगडी काढून तिच्या पायांवर टाकली. किती पाहिलं म्हणून सांगू! चितळांचा कळप धुक्यातून एकेक करून बाहेर आला. रानगवा पाहिला, गाडीपेक्षा उंच, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. रेवा म्हणाली, "पणजीसारखे मोजे!" मोर तर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांसारखे फिरत होते. मग गाइडनं एकदम हात वर केला. तांबडी रानकुत्री, पाच-सहा, तलावाच्या काठानं शेपट्या उंचावून पळत होती. ती मुलगी हरखून सांगू लागली की लोक केवढ्या लांबून ही पाहायला येतात, आणि कितीदा न पाहताच जातात.

माय म्हणाली, "कुत्रे तं आपल्या गल्लीतही आहेत वो. झिरा कुठी आहे?"

वाघ? नाही दिसला. पायांचे ठसे दिसले, ताजे. मला काही वाटलं नाही. मी ज्यासाठी आले होते ते अजून पुढे होतं आणि त्याचीच मला धास्ती होती.

कशाची म्हणाल? पाणी गार निघालं तर?

सारा जन्म माय ते ऊन पाणी सांगत आली. लहानपणची गोष्ट. लहानपणी डोंगर मोठे वाटतात, जत्रा मोठी वाटते. पाणीही तसंच असलं तर? तिच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं आणि मी ते तपासायला तिला घेऊन आले होते. मधल्या मुक्कामाच्या जागी, जिथे उतरायला परवानगी आहे, तिथे जिप्सी थांबली. मी गाइडला हळूच विचारलं, "बाई, पाणी खरंच ऊन असते का?"

ती हसली. "काकू, हात घालून पाहा ना."

मी नाही घातला. पहिला हात मायचाच असायला हवा होता.

झिऱ्यात उतरायची मनाई आहे. ते बरंच आहे, ते पाणी जनावरांचं. पण त्याच्या खालच्या अंगाला पाणी एका दगडी कुंडीत येतं आणि तिथे हातपाय धुतलेले चालतात. महेशनं आजीला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. कुंडीच्या वर बारीक पांढरी वाफ होती. ती धुक्याची की पाण्याची, कळेना. माय दगडावर बसली. मफलर काढला. बराच वेळ पाण्याकडे नुसतीच पाहत राहिली. मला वाटलं, तिलाही तीच भीती वाटते आहे. मग तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात मनगटापर्यंत आत घातला.

तिनं डोळे मिटले.

"माय?" मी म्हटलं.

"ऊन आहे." मग एकदम मोठ्यानं, "ऊन आहे वो, कुंदा! पानी ऊन आहे!"

गाइड मुलगी ओठांवर बोट ठेवत धावत आली, जंगलात ओरडू नये म्हणून. मायनं तिचाच हात धरून पाण्यात घातला. "पाहाय! मी खोटं सांगत होती का?" ती मुलगी, जी रोज तिथे येते, तीसुद्धा आश्चर्य वाटल्यासारखं "हो ना आजी, ऊन आहे!" म्हणाली. देव तिचं भलं करो.

मीही हात घातला. महेशच्या बाबा, खरंच ऊन होतं! कढत नव्हे, तान्ह्या बाळाला घालावं तसं. बाहेर नाक गोठत होतं आणि हाताला ती ऊब. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. महेशनं पँट दुमडली, आजीचे मोजे काढले आणि कुंडीशी बसून तिचे पाय धुतले. टाचांच्या भेगांतली धूळ अंगठ्यानं काढून काढून धुतले. माय त्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवत होती. त्याच्या गालावरून जे ओघळत होतं ते सगळं झिऱ्याचं नव्हतं, पण मी काही म्हटलं नाही.

शेवटी मायनं ओंजळ भरली. तुमचं नाव घेतलं, घरातलं, लहानपणचं. "हे तुया वाटचं," म्हणाली आणि ओंजळ हळूच जमिनीवर सोडली.

तुम्ही गेल्यापासून तिनं तुमचं नाव घेतलं नव्हतं, ठाऊक आहे? एकदाही नाही. काल घेतलं, आणि लगेच पुढच्या श्वासात म्हणाली, "भूक लागली वो." तिळाचे लाडू काढले, वडे काढले. तिनं चार वडे खाल्ले! महिनोन्महिने अर्ध्या पोळीवर उठणारी बाई. स्नेहल माझ्याकडे पाहून हसली आणि मी तोंड फिरवून डोळे पुसले. दुःखाचं नव्हतं हो. जिंकल्यावर येतं तसलं होतं.

परतताना ऊन चांगलं वर आलं होतं. धुकं निघून गेलेलं, तलाव चकाकत होते, बांध्यांतून बगळे उठत होते. साकोलीच्या पुढे रेवा झोपली. मग स्नेहल. लाखनी आली तेव्हा मी सहज शेजारी पाहिलं, तर महेश झोपलेला! मान काचेला टेकलेली, तोंड उघडं, दोन्ही पाय सैल सोडून, अगदी लहानपणी तुमच्या मोटरसायकलवर तुमच्या-माझ्या मधे बसून झोपायचा तसा. बाजूनं ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते आणि माझं पोर माझ्या भरवशावर हायवेवर घोरत होतं.

सर्टिफिकेट म्हणजे आणखी काय असतं हो? मला तर वाटलं कोणी माझ्या गळ्यात हार घातला. मी मुद्दाम गाडी जरा सावकाश घेतली, तो जागा होऊ नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर तो रस्ता संपू नये म्हणूनही.

जागी होती ती फक्त माय. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. खिडकीबाहेर टकमक पाहणारे, रेवापेक्षा लहान.

"कुंदा," ती हळूच म्हणाली, "ते गोसेचं धरण कुठी आहे वो?"

"पवनीकडे, माय. काहून?"

"लोक म्हणतात, पानी दिसते तिकडे पानीच. पलीकडचा काठ दिसत नाही म्हणते. खरं आहे का?"

"मी नाही पाहिलं, माय."

"मी बी नाही," ती म्हणाली. आणि पुढे काही न बोलता आरशातून माझ्याकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी जिच्या वयाची आठवण करून दिली होती ना, तिला आता धरण पाहायचं आहे! उद्या काय मागेल कोण जाणे. मागू दे. तुमच्या मायला अजून हवं आहे, पाहायचं आहे, जायचं आहे. तुम्ही तिची काळजी करत असाल तर करू नका.

तर तुम्हाला माझं वचन. येत्या रविवारी मी मायला गोसेच्या धरणावर नेणार. पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या हिवाळ्यात नाही, येत्या रविवारी. पाऊस असो, पाहुणे असोत, कोणाचं काही निघो. तिला काठावर बसवीन आणि पलीकडचा काठ खरंच दिसतो की नाही, ते आम्ही दोघी मिळून ठरवू.

तुमची,
कुंदा